जोडी नको, घोळका आणा

फिशटँकच्या प्रश्नांमध्ये या वेळी छोट्या माशांनीच बाजी मारलीये. निऑन, कार्डिनल, रासबोरा, झेब्रा, सगळी दोन इंचाच्या आतली मंडळी. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही लांबलचक पत्रं कापावी लागली, समजून घ्या.

प्रश्न: ताई, माझ्याकडे दोन फुटी प्लांटेड टँक आहे, झाडं मस्त लागलीत. मागच्या शनिवारी क्रॉफर्ड मार्केटमधून दोन निऑन, दोन हार्लेक्विन रासबोरा, दोन झेब्रा आणि दोन ब्लॅक विडो अशा जोड्या आणल्या. दुकानात किती छान घोळक्याने फिरत होते! घरी आल्यापासून निऑन झाडामागून बाहेरच येत नाहीत आणि एक विडो रासबोराच्या शेपटीमागे लागलीये. मुलगी म्हणते मासे आजारी आहेत. औषध टाकू का? — गृहिणी, मुलुंड

उत्तर: औषध अजिबात टाकू नका. मासे आजारी नाहीत, एकटे पडलेत. आपल्याकडे दुकानात मासा जोडीच्या भावाने विकतात ना, त्यामुळे आपणही एकेक जोडी उचलतो आणि वाटतं नर-मादी मिळाले, झाला संसार सुरू. तो जोडीचा हिशोब दुकानदाराच्या सोयीचा आहे, जाळीत जे दोन आले ते पिशवीत, दोन्ही नर निघाले तरी त्याला काय. आणि मुळात हे मासे जोडीने राहणारे नाहीतच. नदीत यांना खायला टपलेले शंभर जण असतात, एकटा मासा दिसला की गेला, पण शे-दोनशेच्या घोळक्यात कुणाला धरायचं हे त्या मोठ्या माशाला कळतच नाही, आणि इतके डोळे पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्येकाला निवांत खाता येतं. तुमच्या दोन निऑनना हे गणित जन्मापासून माहितीये, आजूबाजूला आपलं कुणी नाही म्हणजे धोका आहे, म्हणून ते पानामागे बसलेत. बाहेर टँकमध्ये धोका नाहीये हे त्यांना कोण सांगणार.

विडोचं पण तेच. हा टेट्रा, म्हणजे निऑन-कार्डिनलच्याच कुळातला, पण थोडा भांडकुदळच, पण आठ-दहा असले की त्यांची मारामारी आपापसात चालते, थोडी ह्याला थोडी त्याला, कुणाचंच फार नुकसान होत नाही. दोनच असले की मग शेजाऱ्यांच्या शेपट्या. शिवाय तो दोन इंचाच्या पुढे जातो, निऑनबरोबर मला तो कधीच पसंत नाही.

आता काय करायचं ते सांगते. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर छप्पन लिटर पाणी मावतं, माती-दगड-लाकूड जाऊन हातात राहतं पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्यात चार प्रकारचे चार घोळके बसत नाहीत. एकच जात निवडा आणि तिचे दहा-बारा ठेवा, तळाला हवं तर पाच-सहा छोटे कोरीडोरास, बस. सहा हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो पण तो कमीत कमी आहे, सहातले दोन गेले की परत तीच रड. ज्या जाती ठेवायच्या नाहीत त्या दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात, पैसे नाही मिळाले तरी बदल्यात खाणं वगैरे देतात.

कुठली जात, तर माझं मत विचाराल तर मुंबईत निऑनपेक्षा कार्डिनल. दोघं दिसायला सख्खे भाऊ, फरक एवढाच की निऑनची लाल पट्टी पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असते आणि कार्डिनलची थेट गालापासून. पण निऑन पश्चिम ॲमेझॉनच्या ओढ्यांमधला, त्याला वीस ते पंचवीस-सव्वीस डिग्री बरी वाटते. कार्डिनल रिओ नेग्रो आणि ओरिनोको नद्यांच्या वरच्या भागातल्या गरम, चहासारख्या काळ्या पाण्यातला, तो अठ्ठावीस-एकोणतीस आरामात काढतो. आपल्या घरांत वर्षातले निदान सात-आठ महिने टँक सत्तावीसच्या खाली जातच नाही, मग निऑनला कशाला छळायचं. कार्डिनल थोडा महाग पडतो हे खरं. जाता जाता एक गंमत, 1956 साली या कार्डिनलला दोन वेगवेगळ्या ठिकाणाहून एका दिवसाच्या फरकाने दोन नावं जाहीर झाली आणि मग आधी कुणी यावरून शास्त्रज्ञांमध्ये चांगलीच जुंपली, शेवटी एक दिवस आधीवाल्याचं नाव टिकलं. निऑन त्याच्या वीस वर्षं आधीचा, 1936 चा. बजेट कमी असेल आणि टिकाऊ मासा हवा असेल तर हार्लेक्विन रासबोरा, मलेशिया-सुमात्राकडचा, काळा त्रिकोण असलेला, मला तर तोच सगळ्यात शहाणा मासा वाटतो.

अजून एक, दुकानात ते घोळक्याने फिरत होते कारण तिथे ते घाबरलेले होते. उघडा टँक, झाडाचं पान नाही, दर पाच मिनिटांनी जाळी आत. हे मासे घाबरले की एकमेकांना चिकटतात, सेफ वाटलं की पांगतात. त्यामुळे घरी बारा कार्डिनल आणल्यावर पहिले काही दिवस छान एका रांगेत फिरतील, तुम्ही व्हिडिओ काढाल, आणि नंतर दोन इकडे चार तिकडे असे विखुरतील, एखादा नर दुसऱ्यासमोर पंख ताणून उभा राहील. तेव्हा "ताई आता एकत्र राहत नाहीत" म्हणून पत्र पाठवू नका. तेच तर पाहिजे होतं. टँकसमोरून पटकन कुणी गेलं की क्षणात परत गोळा होतात, बघा करून, पण रोज नको.

प्रश्न: रात्री पाणी प्यायला उठलो, हॉलचा दिवा लावला तर सगळे निऑन पांढरट, निळी पट्टी गायब. सकाळी उठून बघतो तर परत चकाचक. वयामुळे माझ्या डोळ्यांना झालंय की माशांना? — निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव

उत्तर: काका, तुमचे डोळे उत्तम आहेत. ती निळी पट्टी म्हणजे रंग नसतोच मुळी, कातडीतल्या काही पेशींत अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात, त्यावरून उजेड परावर्तित होऊन आपल्याला निळं-हिरवं दिसतं. अंधार झाला की त्या चकत्यांमधलं अंतर बदलतं, पट्टी जांभळट होत होत विझते, लाल पण फिका पडतो. रात्री चमकत राहिलं तर कुणाच्या तरी पोटात जाणार, म्हणून ही सोय. सकाळी लाइट लागल्यावर थोड्या वेळात रंग परत येतो. फक्त रात्री एकदम ट्यूबलाइट लावत जाऊ नका, मासे दचकून काचेवर आपटतात, टँकच्या लाइटच्या आधी खोलीतला दिवा लावायची सवय ठेवा.

पण दिवसासुद्धा एकाच माशाची पट्टी तुटक दिसायला लागली, मधेच पांढरट ठिगळ, पाठ वाकडी, अंगावर टेंगूळ, आणि तो घोळका सोडून एकटाच फिरतोय, तर मात्र सावध व्हा. त्याला निऑन टेट्रा डिसीज म्हणतात, स्नायूंमध्ये वाढणारा परजीवी असतो, त्यावर खात्रीचं औषध नाही. बाकीचे मासे मेलेल्याला टोचून खातात आणि त्यातूनच पसरतो, त्यामुळे तसा मासा लगेच वेगळा काढायचा. तोंडाजवळ कापसासारखं दिसत असेल तर तो वेगळाच बॅक्टेरियाचा प्रकार असतो, तो वेळेत पकडला तर औषधाने बरा होऊ शकतो. म्हणूनच नवीन मासे दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवून मगच मेन टँकमध्ये सोडा असं मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणी ऐकत नाही.

प्रश्न: हाय ताई, माझ्या टँकमध्ये पंधरा एम्बर टेट्रा होते, वर्षभर एकही मेला नव्हता. मागच्या आठवड्यात नेहमीसारखं पाणी बदललं आणि तासाभरात सगळे वर येऊन धापा टाकायला लागले, सकाळपर्यंत नऊ गेले. पाणी रोजच्याच नळाचं होतं. आमच्याकडे मधेमधे टँकर पण येतो. काय झालं असेल? — कॉलेज विद्यार्थी, चेंबूर

उत्तर: वाईट वाटलं रे वाचून. नळ रोजचा असला तरी नळामागचं पाणी रोजचं असतंच असं नाही. पहिलं म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला विचार, त्या दोन-तीन दिवसांत गच्चीवरची टाकी धुतली होती का. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर टाकतात, नीट निचरा न करता परत भरली की पहिलं पाणी क्लोरीनने भरलेलं असतं. आपण तोंड धुतो, काही होत नाही, पण माशाच्या कल्ल्यांना ते भाजतं, म्हणून धापा. तू लिहिलंयस त्यावरून माझा पहिला संशय ह्याच्यावरच आहे. बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर टाकी सफाईची चिठ्ठी लागली की त्यानंतर दोन-तीन दिवस टँकला हात लावायचा नाही. आणि एरवी सुद्धा नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय ओतायचं नाही, दुकानात हायपोचे खडे मिळतात तेही चालतात, अगदी स्वस्त असतात. रात्रभर बादलीत एअरस्टोन लावून ठेवलं तरी साधा क्लोरीन उडून जातो, पण त्या भरवशावर मी राहत नाही.

दुसरी भानगड टँकरची. महापालिकेचं पाणी तलावांचं, तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी वगैरे, म्हणजे शेवटी पावसाचंच, त्यामुळे ते मऊ असतं, त्यात क्षार कमी. टेट्रा-रासबोरांना असलंच पाणी आवडतं, त्या बाबतीत मुंबईकर नशीबवान. पण टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचं, त्यात क्षार भरपूर, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पाचशेच्या वर पण जातो. मऊ पाण्यातल्या माशावर एकदम असलं पाणी निम्मं टँकभर ओतलं की त्याच्या शरीराला तो बदल झेपत नाही. टीडीएसचं पेन मिळतं, एवढं एक घेच, पाणी बदलायच्या आधी बादलीत बुडवायचं, आकडा नेहमीपेक्षा खूप वेगळा आला तर त्या दिवशी राहू दे, एक आठवडा पाणी न बदलल्याने मासे मरत नाहीत. टँकरशिवाय पर्यायच नसेल तर आरओचं पाणी त्यात मिसळ. आरओचं म्हणजे गाळलेलं हं, बाजूच्या पाइपमधून वाया जाणारं नाही, त्यात तर क्षार अजून जास्त, ते लादी पुसायला वापर.

दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, त्यापेक्षा जास्त नको. आणि परत पंधरा मासे एकदम आणू नकोस. फिल्टरमधले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतला अमोनिया खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते नायट्रेट झाडं घेतात. क्लोरीनने ते बॅक्टेरिया पण मेले असण्याची शक्यता आहे. अमोनियाची टेस्ट किट मिळाली तर बघून घे, शून्य यायला लागला की आधी पाच-सहा आण, मग बाकीचे. उरलेल्या सहांना तोवर अगदी कमी खायला घाल.

प्रश्न: मे महिन्यात आमचा टँक 32 डिग्रीला जातो. चाळीतली वरच्या मजल्यावरची खोली, पत्र्याखाली. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर चालेल का? — परळ

उत्तर: बाटल्या नकोत. दुपारी तीन-चार डिग्री खाली, बर्फ वितळला की परत वर, हे वरखाली होणं उकाड्यापेक्षा वाईट. टँकचं झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा टेबल फॅन लावा, बाष्पीभवनाने दोनेक डिग्री तरी नक्की उतरतात. मेमधली दमट हवा असते तेव्हा थोडा कमी फरक पडतो, पण पडतो. झाकण काढलं की वर मच्छरदाणीची जाळी ताणून लावायला विसरू नका, नाहीतर सकाळी लादीवर रासबोरा. पाणी रोज बोटभर कमी होईल, ते आरओच्या पाण्याने भरा, कारण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार आतच राहतात.

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे उन्हाळ्यात एअरपंप रात्रभर चालू, रात्री झाडं पण ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट घेतात. टँकचा लाइट दुपारी न लावता संध्याकाळी पाच ते अकरा ठेवा, एलईडी असला तरी थोडी गरमी देतोच.

आणि चाळीत राहता म्हणून मुद्दाम सांगते, धूरफवारणीवाले आले किंवा घरात झुरळांचा स्प्रे मारला, तर आधी एअरपंप बंद करा आणि टँकवर ओला टॉवेल घाला, खिडक्या उघडून वास गेल्यावरच पंप चालू. ह्या स्प्रेमधली औषधं माणसाला फार बाधत नाहीत पण माशांसाठी जालीम असतात, आणि एअरपंप खोलीतली हवा सरळ पाण्यात सोडतो. मच्छर अगरबत्ती पण टँकपासून लांब.

प्रश्न: गणपतीला आठ दिवस कोकणात जातो. शेजारच्या आजी खायला घालायला तयार आहेत पण मागच्या वर्षी परत आलो तर पाणी पांढरं आणि चार कार्डिनल मेलेले. — कांदिवली

उत्तर: आजींना नमस्कार सांगा आणि या वर्षी किल्ली देऊ नका. माया जास्त झाली की डबी रिकामी होते, न खाल्लेलं खाणं कुजतं, पाणी पांढरं होतं ते त्यानेच. तब्येतीने चांगले, पूर्ण वाढलेले मासे आठ दिवस उपाशी आरामात राहतात, आणि प्लांटेड टँकमध्ये तर पूर्ण उपाशी पण नसतात, मॉसमध्ये बारीकसारीक जीव असतातच. ते सुट्टीसाठी खाण्याचे पांढरे ब्लॉक मिळतात ते पण नको. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, लाइटला टायमर लावा सहा तासांचा, बस. पंधरा दिवस जात असाल तरच आजी, आणि तेव्हा कागदाच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर तारीख लिहून, डबी मात्र कपाटात कुलपात.

सगळ्यात मोठा घोळ वेगळाच असतो. गावाला निघताना आपण सवयीने घराचा मेन स्विच पाडतो. फ्रिजसाठी जो आठवतो तो फिल्टरसाठी आठवत नाही. मेन स्विचवर मोठी चिठ्ठी चिकटवा. लाइट जाण्याचं विचाराल तर मुंबईत तसं क्वचित, पण 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या शहराची वीज गेली होती ते आठवत असेल, लोकल सुद्धा थांबल्या होत्या. बॅटरीवर चालणारा एअरपंप एक घरात असावा.

प्रश्न: निऑनबरोबर एंजल फिश ठेवू का? दुकानदार म्हणाला दोघं ॲमेझॉनचेच आहेत. — भांडुप

उत्तर: दोघं ॲमेझॉनचे आहेत म्हणूनच नको, एंजल तिकडे असलेच छोटे मासे खातो. रुपयाएवढा असताना काही करत नाही, तळहाताएवढा झाला की रोज रात्री एक निऑन कमी.

प्रश्न: परदेशी माशांऐवजी आपल्याकडचे छोटे मासे ठेवता येतील का? नॅशनल पार्कच्या ओढ्यातून पकडले तर? — शिक्षक, बोरिवली

उत्तर: सर, पहिल्या प्रश्नाला जोरात हो आणि दुसऱ्याला तेवढंच जोरात नाही. पार्कातून मासा काय, पान पण उचलायचं नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याच न्यायाने टँकमधले नको झालेले मासे पवईत किंवा कुठल्या ओढ्यात सोडू पण नका, गप्पी एकदा पाण्यात गेला की कसा सगळीकडे पसरतो ते आपल्या गटारांनी दाखवलंय.

दुकानात मिळणारा झेब्रा आपलाच आहे, गंगेच्या खोऱ्यातला, फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने 1822 मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि आज जगभरातल्या लॅबमध्ये माणसाच्या आजारांचा अभ्यास याच माशावर करतात. तरी आपल्याकडे त्याची किंमत "तो स्वस्तातला पट्ट्यावाला" एवढीच. रोझी बार्ब आपला, पण तो थोडा मोठा आणि झाडांची कोवळी पानं कुरतडतो. मलबार डॅनिओ सह्याद्रीच्या ओढ्यांतला, फार देखणा, पण तीन-चार इंच होतो आणि इतका पळतो की त्याला तीन फुटी टँक तरी पाहिजेच. मिस केरळ नावाने लाल-काळ्या पट्टीचा मासा मिळतो, पिल्लं बघून मोहात पडू नका, तो चार-पाच इंच होतो, घोळक्याला चार फुटी टँक लागतो, आणि मुळात तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. घ्यायचाच असेल तर फार्ममध्ये वाढवलेला आहे का ते आधी विचारा.

शाळेसाठी विचारत असाल तर दोन फुटी टँक, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला ही पाणझाडं मागे, पुढे थोडं मोकळं, आणि बारा झेब्रा. त्याला उन्हाळा तितका आवडत नाही, त्यामुळे टँक खिडकीपासून लांब ठेवा. पाण्यात देशी बदामाची एक-दोन वाळलेली पानं टाका, शाळेच्या आवारात झाड असेलच, झाडावरून गळलेली तपकिरी पानं धुऊन घ्यायची, हिरवी नाही. पाणी चहासारखं होईल, मुख्याध्यापक विचारतील घाण का झालंय म्हणून, त्यांना सांगा रिओ नेग्रोचं पाणी पण असंच असतं. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि ते घालायची पाळी एका वेळी एकाच मुलाकडे द्या, नाहीतर चाळीस मुलं चाळीस चिमट्या टाकतील. झाकण घट्ट बसणारं घ्या, झेब्रा उड्या मारतो.